कुलाब्यातले बहात्तर आरसे

१८७० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार होता. कज्जेदलालांची दप्तरे सांभाळणे हा त्याचा पोटापाण्याचा धंदा; पण मध्य कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने जो उद्योग मांडला होता, त्याचा कोर्टाशी काही संबंध नव्हता. लाकडी चौकटीवर त्याने साधे, सपाट, काचेचे आरसे ओळीने बसवले होते. प्रत्येक आरसा अंदाजे सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद. सगळ्या आरशांचे ऊन एकाच जागी पडावे, अशी त्यांची मांडणी. आरशांची संख्या ७२ वर गेली तेव्हा वीस फुटांवर ठेवलेले लाकूड पेटू लागले. ॲडम्सच्या हिशेबाप्रमाणे तिथली उष्णता १२०० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आजच्या भाषेत साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेली होती. मग त्याने लाकडाच्या जागी बॉयलर ठेवला, बॉयलरला अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन जोडले आणि पंप चालवला. दिवसा ऊन असेपर्यंत हे इंजिन जवळजवळ दोन आठवडे चालले. कोळशाचा खडाही न जाळता.

मुंबईच्या इतिहासावरच्या पुस्तकांत ट्रामचे घोडे आहेत, गॅसचे दिवे आहेत, क्रॉफर्ड मार्केट आहे. कुलाब्यातले हे इंजिन सहसा सापडत नाही. सौर ऊर्जेच्या जागतिक इतिहासात मात्र ॲडम्सला मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. त्याच्या आधी फ्रान्समध्ये ऑगस्तँ मुशो यांनी शंकूसारखा मोठा परावर्तक करून त्यावर वाफ केली होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्यांनी उन्हाच्या जोरावर बर्फ करून दाखवला. ॲडम्सने मुशोंचे काम वाचले होते आणि त्याला त्यातली खोच लगेच दिसली. चांदीचा मुलामा दिलेले धातूचे पत्रे महाग पडतात आणि लवकर काळवंडतात. शिवाय एकसंध परावर्तक किती मोठा करणार? सूर्यामागे अख्खे धूड फिरवायचे म्हणजे त्याच्या आकाराला मर्यादा आली. म्हणून ॲडम्सने बॉयलर एका जागी स्थिर ठेवला आणि आरशांची चौकट त्याच्याभोवती सूर्याच्या कलाने फिरवली. आरसे काचेचे, बाजारात मिळणारे. एक फुटला तर तेवढाच बदलायचा. आज वाळवंटांतून जे सौर मनोरे उभे आहेत, मधे उंच खांबावर बॉयलर आणि सभोवती हजारो आरसे, त्यांचे मूळ तत्त्व हेच आहे.

मुंबईत हे सुचावे याला कारण होते. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि त्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत शहर धुराड्यांनी भरून गेले. कापूस दाराशी, मजूर कोकणातून, बाजारपेठ समुद्रापलीकडे. पण कोळसा मात्र बोटीने इंग्लंडहून यायचा. मँचेस्टरच्या गिरणीला जो कोळसा जवळच्या खाणीतून मिळे, तोच मुंबईच्या गिरणीला अर्ध्या जगाला वळसा घालून. ॲडम्सचे म्हणणे सरळ होते : ज्या मुलखात कोळसा महाग आणि ऊन फुकट, तिथे हे यंत्र परवडायला हवे. १८७८ साली त्याने याच विषयावर पुस्तक लिहिले. ते मुंबईतच, भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापले गेले. उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याच्या निबंधाला ससून इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदकही मिळाले.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात ॲडम्सच्या सूर्यचुलीची हकीकत आली. आठ आरशांचा अष्टकोनी कोन, मध्ये काचेच्या आवरणाखाली भांडे. या चुलीवर जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईत जी काही थंडी म्हणतात त्या दिवसांत, सात शिपायांचे मांस आणि भाजी दोन तासांत शिजल्याचे त्यात सांगितले आहे. शिपाई हा तपशील महत्त्वाचा. ॲडम्सला आपले गिऱ्हाईक कोण हे ठाऊक होते : लष्कर आणि गिरणीमालक. घराघरांतल्या बायका त्याच्या डोळ्यांसमोर होत्या असे दिसत नाही. खरे तर त्याच्या बंगल्यापासून काही मैलांवर, गिरगावातल्या गच्च्यांवर, त्या बायका दर उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सांडगे पसरून सूर्याकडून काम करून घेतच होत्या. त्याला कोणी यंत्र म्हटले नाही, एवढेच.

पुढे ॲडम्सच्या यंत्राचे काय झाले? काहीच नाही. कुण्या गिरणीने ते घेतले नाही. मुशोंच्या नशिबीही हेच आले. रेल्वे वाढली, बंगालचा कोळसा पश्चिमेकडे येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे गिरणी रात्रीही चालवायची असते. आरशांची चौकट पावसाळ्याचे चार महिने झाकून ठेवावी लागणार, हे मुंबईच्या मालकाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कल्पना चांगली असून हरली असे आपण हळहळून म्हणतो. पण त्या काळच्या हिशेबाने ती हरायलाच हवी होती. साठवणीची सोय नसलेली ताकद गिरणीच्या कामाची नव्हती.

विजेची पहिली पावलेही मुंबईत अशीच अडखळत पडली. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळले आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडून बाजार पुन्हा गॅसवर आला. १९०५ मध्ये बीईएस्‌टी कंपनी आली, वाडीबंदरला कोळशावरची वीज तयार होऊ लागली, १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. पण गिरण्यांचे धुराडे थांबले ते सह्याद्रीच्या पाण्याने. जमशेटजी टाटांच्या मनातली योजना त्यांच्या मृत्यूनंतर पुरी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून जलविद्युत मुंबईत आली. लोणावळ्याच्या तळ्यांत पावसाचे पाणी साठवायचे, घाटाखाली सोडायचे आणि त्यावर परळची गिरणी चालवायची. तळे हीच साठवण. ॲडम्सला जे जमले नव्हते, ते डोंगराने केले.

या विजेचे कौतुक करताना एक गोष्ट बहुतेक वेळा तळटिपेत जाते. ती तळटीप मुळशीची आहे. खोपोली आणि भिवपुरीनंतर टाटा कंपनीला मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण हवे होते. पन्नासहून अधिक गावांची भातखाचरे त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, आणि पुढे ज्यांच्या नावापुढे ‘सेनापती’ हे बिरूद कायमचे लागले ते पांडुरंग महादेव बापट, यांनी हा लढा चालवला. धरणविरोधी चळवळींचा इतिहास लिहिणारे जगभरचे अभ्यासक मुळशीपासून सुरुवात करतात. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांवरचा काळा धूर कमी झाला, आणि मुळशी पेट्यातल्या आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली. विशेष म्हणजे स्वराज्याच्या चळवळीतल्या पुढाऱ्यांतही यावर एकमत नव्हते. देशी भांडवलाने उभा राहणारा देशी उद्योग अडवायचा का, हा प्रश्न तेव्हाही लोकांना खरोखर अवघड वाटत होता.

इथून पुढे एक रीत पडून गेली. वीज मुंबईला लागते, जमीन दुसऱ्या कुणाची जाते. नव्वदच्या दशकात उपनगरांसाठी डहाणूला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आले, तेव्हा चिकूच्या बागाईतदारांनी आणि आदिवासी संघटनांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ मध्येच जाहीर झाला होता. केंद्र झालेच, पण पुढे १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले आणि धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यासाठी त्याने कंपनीची पाठ सोडली नाही. एवढा जाच प्रत्येक वीजकेंद्राला झाला असता तर बरे झाले असते.

या सगळ्याच्या मधोमध एक माणूस उभा आहे ज्याला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, मूळ गोव्याचे, डॉ. होमी भाभांनी त्यांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आणले. ते राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जा-ये करायचे. संस्था तेव्हा अपोलो बंदरच्या जुन्या यॉट क्लबात होती. पुढे ती कुलाब्याच्या टोकाला गेली, म्हणजे ॲडम्सच्या बंगल्याच्याच दिशेला. अणुऊर्जेच्या या बालेकिल्ल्यात बसून कोसंबी सांगत होते की भारताने सूर्याच्या ऊर्जेवर संशोधन करावे. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी ‘भारतासाठी अणुऊर्जा’ या विषयावर भाषण केले. त्यातला युक्तिवाद पर्यावरणवाद्याचा नाही, मार्क्सवादी गणित्याचा आहे. अणुवीज किती स्वस्त पडेल याचे आकडे ज्या गृहीतकांवर उभे आहेत ती त्यांनी तपासून पाहिली. इंधन फुकट असलेली ऊर्जा सोडून आपण भांडवल जास्त लागणाऱ्या ऊर्जेमागे का धावतो, हा त्यांचा प्रश्न. आणि सौर ऊर्जेचा मोठा फायदा त्यांना वाटे तो विकेंद्रीकरणाचा : जिथे वापरायची तिथेच ती मिळते, लांबलचक तारांचे जाळे नको आणि त्या जाळ्यावर बसलेला मालकही नको.

कोसंबींचा संस्थेतला करार १९६२ मध्ये पुढे चालू राहिला नाही. भाभांशी त्यांचे बिनसण्यात या मतांचा वाटा किती आणि स्वभावांचा किती, यावर वाद आहे. कोसंबींचा स्वभाव मवाळ होता असे त्यांचे मित्रही म्हणत नसत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तोवर कोसंबी जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या बाजूने बोलायचे तर एक गोष्ट मान्य करायला हवी : १९६० मध्ये उन्हापासून थेट वीज देणारे सिलिकॉनचे घट उपग्रहांवर बसवण्याइतके महाग होते. त्यांच्या हातात तयार उत्तर नव्हते. पण संशोधनाचा पैसा कुठे घालायचा, हा प्रश्न त्यांनी योग्य वेळी विचारला होता.

उत्तर पुढे आले ते थोडे वेगळ्या वाटेने, आणि निम्मे महाराष्ट्रातूनच. २००६ च्या सुमारास आयआयटी मुंबईचे शिरीष केदारे आणि त्यांचे सहकारी यांनी घडवलेली ‘अरुण’ ही १६० चौरस मीटरची प्रचंड तबकडी लातूरच्या महानंद दूधशाळेत उभी राहिली. सपाट आरशांचे तुकडे एका चौकटीवर, सूर्यामागे फिरणारे, त्यांच्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरीकरण. शिर्डीत संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ शेफ्लर तबकड्या बसल्या. त्यांची वाफ हजारो भक्तांचा भात-वरण शिजवते. ॲडम्सचे सात शिपाई आठवतात. आणि ठाण्यात महापालिकेने नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचे केले, ते बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिली.

शहराने सौर ऊर्जा कशी स्वीकारावी हा प्रश्न विचारला की लोक लगेच काळ्यानिळ्या पॅनेलांकडे पाहतात. माझ्या मते पहिला मान बंबाचा आहे. आपल्या घरांतला तांब्याचा बंब गेला आणि गीझर आला, तेव्हा रोज सकाळी सहा ते आठमध्ये लाखो घरे एकाच वेळी दोन-दोन किलोवॅट ओढू लागली. ऊन जे काम सर्वांत सोपेपणाने करते, म्हणजे पाणी तापवणे, त्यासाठी आपण दूरवर कोळसा जाळतो, त्याची वीज करतो, ती तारांतून आणतो आणि पुन्हा तिची उष्णता करतो. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब कायद्याने बंधनकारक केले. बार्सिलोना शहराने १९९९ मध्ये तसा नियम मंजूर केला आणि पुढल्या वर्षी लागू केला : नव्या आणि मोठी दुरुस्ती होणाऱ्या इमारतींनी गरम पाण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेतला ६० टक्के हिस्सा सूर्याकडून घ्यावा. स्पेनमधल्या कित्येक नगरपालिकांनी तो नियम जसाच्या तसा उचलला. नियम करणे सोपे, टिकवणे अवघड, हा अनुभव मात्र सगळीकडचा. पुण्यात सौर बंब, गांडूळखत आणि पाऊसपाणी साठवण यांवर करसवलत आहे. पण यंत्र गच्चीवर आहे आणि ते चालते आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ्यांत क्षार साचतो, पहिल्या मजल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाया जाते, आणि तिसऱ्या वर्षी सचिव बदलला की देखभालीचा करार कुणाच्या लक्षात राहत नाही.

विजेच्या पॅनेलांचे गणित आता इतके उलगडलेले आहे की कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते मांडता येते. एका किलोवॅटला अंदाजे शंभर चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि वर्षभराच्या सरासरीने ती रोज चार युनिट देते. एप्रिलमध्ये जास्त, जुलैत बरीच कमी. चार मजली, सोळा घरांच्या जुन्या इमारतीला टाकी आणि जिना सोडून दोन हजार फूट मोकळे मिळाले, तर वीस किलोवॅट बसतात आणि महिन्याला चोवीसशे युनिट मिळतात. सोळा बेताच्या घरांची बहुतेक गरज यात भागते. २०१५ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले, आणि गच्चीवर जास्त झालेली वीज जाळ्यात देऊन रात्री परत घेण्याची सोय झाली. ॲडम्सची मूळ अडचण, साठवण, ही अशी कागदावर सुटली : मीटर मागेपुढे फिरते आणि जाळे हेच तळे होते. वितरण कंपन्यांना अर्थातच हे फारसे रुचत नाही, कारण गच्ची असलेला सुस्थित ग्राहक कमी बिल भरू लागला की जाळ्याचा खर्च उरलेल्यांवर पडतो. ही तक्रार अगदी खोटी नाही. २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळते. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी ते किलोवॅटला १८ हजार आहे. मुंबईत स्वतःची स्वतंत्र गच्ची कोणाची असते? म्हणजे खऱ्या अर्थाने मुंबईकराला लागू पडते ती दुसरी, लहान रक्कम.

साऱ्या मुंबईच्या गच्च्या मिळून काय होईल, याचा अंदाज २०१६ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने एका अभ्यासगटाने काढला. उत्तर आले १.७२ गिगावॅट, म्हणजे १७२० मेगावॅट. उन्हाळ्यात शहराची कमाल मागणी चार हजार मेगावॅटच्या पुढे जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच टक्केवारी काढू नये. पॅनेल रात्री आणि पावसात झोपतात. पण दुपारी, जेव्हा कार्यालयांतली वातानुकूलन यंत्रे घरघरत असतात, तेव्हा ऊनही भरात असते, ही जमेची बाजू आहे.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास कळवा भागातल्या उच्चदाब वाहिन्या कोलमडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. बाहेर लख्ख ऊन होते. आणि ज्यांच्या गच्चीवर पॅनेल होते त्यांचीही घरे अंधारात होती. कारण जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर जाळे बंद पडताच स्वतःही बंद होतो; तसे नसते तर तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव गेला असता. बॅटरी आणि वेगळी जोडणी असेल तरच गच्चीची वीज अशा वेळी घरात राहते. कोसंबींना अभिप्रेत असलेले विकेंद्रीकरण हे नव्हे. इस्पितळे, पाण्याचे पंप आणि लिफ्ट एवढ्यापुरती तरी ही वेगळी जोडणी महापालिकेने आग्रहाने करून घ्यावी, असे मला वाटते. अनुदान तिथे जास्त हवे.

नाहीतर मुळशीची रीत सौर विजेतही चालू राहते. शहराला हरित वीज हवी म्हणून ती दूरच्या माळावरून येते, आणि माळ कुणाचा तरी असतोच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राज्याचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. त्याच जिल्ह्यातल्या विखरणच्या परिसरात आधी औष्णिक आणि पुढे सौर प्रकल्पाची योजना झाली. वीजप्रकल्पाला गेलेल्या आपल्या शेताचा मोबदला फार तुटपुंजा मिळाला, ही तक्रार घेऊन तिथले एक वयोवृद्ध शेतकरी सरकारदरबारी खेपा घालत राहिले, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले. काही दिवसांनी ते जे. जे. रुग्णालयात वारले. मंत्रालयापासून मध्य कुलाबा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गच्चीची वीज या हिशेबात वेगळी ठरते, कारण तिच्यासाठी कुणाचे शेत जात नाही. आणि नेमकी गच्चीच मुंबईत कमी होते आहे. चार मजली, सोळा घरांच्या इमारतीचा पुनर्विकास होतो आणि तेवढ्याच भूखंडावर तीस-चाळीस मजले उभे राहतात. घरे दहापट, गच्ची तेवढीच, कधी त्याहून लहान. त्या गच्चीवर आता पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनाचा पंप, मोबाइलचा मनोरा आणि विक्रीच्या पुस्तिकेत छापलेला जलतरण तलाव असतो. नियमाप्रमाणे दाखवायचे पॅनेल उरलेल्या कोपऱ्यात, बहुधा टाकीच्या सावलीत बसतात. त्यांच्यावर जिन्यातले दिवे आणि एखादी लिफ्ट चालते. भिंतीवर, गॅलरीच्या कठड्यावर, वाहनतळाच्या छपरावर पॅनेल बसवता येतात. पण त्यासाठीच्या नळ्या, तारांचा मार्ग आणि दक्षिणेकडचा उतार नकाशा काढतानाच धरावा लागतो. लालबाग, परळ, गिरगाव, चेंबूर इथे ते नकाशे सध्या वास्तुविशारदांच्या टेबलांवर आहेत.